तानुबाईच्या बांधावर

४ ऑगस्ट २०२४, रविवार

आज उपासना संपल्यावर पाळकांनी मला थांबवून घेतलं आणि माझ्या गळ्यात काम घातलं. नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला आमच्या ख्रिस्ती मंडळीला शंभर वर्षं होतात. त्यासाठी इतिहासाचं छोटं पुस्तक काढायचं ठरलंय आणि ते मी लिहायचं.

मी म्हणाले, "पाळकसाहेब, मी बेळगावात सदतीस वर्षं नर्स होते. पेशंटच्या कागदापलीकडं मी काही लिहिलेलं नाही."

"म्हणूनच म्हणतोय, आक्का. तुम्ही बघितलं तेवढंच लिहाल," म्हणाले. पाळक नागेंद्र चिकोडीकडचे. घरी कन्नड बोलतात, प्रवचन मराठीत करतात, आणि टिपणं कन्नडमध्ये काढतात. वयानं माझ्या भाच्याएवढे. नाही म्हणवेना.

जूनमध्ये दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता कौलांवरचं शेवाळसुद्धा वेगळं दिसतं. एवढं दिसायला लागल्यावर डोळे नुसते टीव्हीवर घालवायचे हे बरोबर नाही. देवाचे आभार मानायचे तर कामानंच मानावेत.

शिवाय हा आमच्या घरचाच इतिहास. लिंडस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश साहेबानं १९२४ साली निपाणीत ही ल्युथरन मंडळी स्थापन केली आणि आमचे आजोबा सत्याप्पा मास्तर इथले पहिले ख्रिस्ती. तशी पाटी देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, दारातच आहे. आज मंडळीत एकोणतीस कुटुंबं आहेत. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ शांतवन, पंचकमिटीचा अध्यक्ष. बसडेपोत मेकॅनिक होता, आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, "बरं झालं. घरातल्या माणसानं लिहिलेलं बरं." मग म्हणाला, "लई खोलात जाऊ नको. लोकांला मोठी पुस्तकं वाचायला वेळ नसतो."

९ ऑगस्ट, शुक्रवार

पाळकांच्या खोलीतलं लाकडी कपाट उघडलं. कसर लागलेल्या अकरा वह्या. तोंडाला मास्क बांधून एकेक झटकली, उन्हात उभी केली, क्रमांक घातले. वॉर्डमध्ये नवीन पेशंट आल्यासारखं वाटत होतं.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर निघालं. पहिलं पान अजून धडधाकट आहे. मी आजोबांचं नाव शोधायला बोट ठेवलं ते क्रमांक एकवर. तिथं लिहिलंय: "तानुबाई, वय २६, तंबाखूच्या वखारीत मजुरी." दोन नंबरला तिचा मुलगा शामू, वय ६. तीन नंबरला कुणी म्हातारी. आजोबा चौथे.

चौथे तर चौथे. पण आम्हाला लहानपणापासून पहिले म्हणून सांगितलं. तानुबाई हे नाव मी पासष्ट वर्षांत एकदाही ऐकलेलं नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज साहेबांचा पहिल्या वर्षाचा अहवाल सापडला, त्यांच्या मुनशीनं मराठीत उतरवलेला. मी दोनदा वाचला.

तानुबाईचा मुलगा चार वर्षांचा असताना तापानं फणफणला. वैद्य झाले, देवऋषी झाले. शेवटी तिनं त्याला पाठीशी बांधलं आणि चालत मिरजेचा मिशन दवाखाना गाठला. चार दिवस लागले. पोरगं वाचलं. ती दोन महिने तिथं झाडलोट करत राहिली, आणि तिथल्या एका नर्सबाईनं तिला अक्षरं शिकवली. (नर्सबाईचं नाव दिलेलं नाही. आमची नावं कुणी देत नाही.) परत आल्यावर तानुबाई वखारीत पानं निवडता निवडता बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची. मग तिनंच पत्र लिहून साहेबांना बोलावलं. साहेब लिहितात, "मी आलो तेव्हा तिच्या अंगणात अकरा माणसे आधीच प्रार्थनेला बसलेली होती. मला फक्त त्यांची मोजदाद करावी लागली."

म्हणजे पाटी चुकीची आहे. मंडळी साहेबांनी स्थापन केली नाही. आजोबांनीही नाही.

संध्याकाळी अण्णाकडं जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं. मला वाटलं त्याला मौज वाटेल. तो हात गुडघ्यावर ठेवून जमिनीकडं बघत बसला. म्हणाला, "मंगलला चहा टाकायला सांगतो." आत गेला तो बाहेर आलाच नाही. चहा मंगलवहिनीनं आणून दिला. अण्णाचं वय झालंय, लक्ष लागत नाही त्याचं.

२७ ऑगस्ट, मंगळवार

दोन आठवडे प्रभुभोजनाच्या याद्यांत गेले. पूर्वी दर महिन्याला भाकर आणि द्राक्षरस कुणी घेतला त्यांची नावं लिहून ठेवत. एक गोष्ट लक्षात आली. १९४१ च्या जुलैपासून आजोबांचं नाव यादीत नाही. एक महिना नाही, दोन नाही. १९७१ साली ते वारले तोवर नाही. तीस वर्षं. देवळात मात्र ते एक रविवार चुकवत नसत, हे मला स्वतःला आठवतं.

पोटाचा काही विकार असावा. त्या काळी अल्सरचं निदान कुठं व्हायचं? मी बारा वर्षांची असताना ते गेले. प्रभुभोजनाच्या वेळी ते उठून बाहेर घंटेपाशी जाऊन उभे राहायचे. घंटा त्यांच्याकडं होती, म्हणून असेल.

मंगलवहिनीनं आज शेंगोळे पाठवले होते. तीन महिने झाले, डोळ्यांमुळं मला चुलीपाशी बसू देत नाही. सख्खी बहीण एवढं करणार नाही.

३ सप्टेंबर, मंगळवार

आज कमिटीच्या कामकाजाची वही वाचली. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"ता. १८ जून १९३३. गावात पटकीची साथ चालू असता रस्त्याच्या कामावर आलेल्या एका परगावच्या बाईचे मूल मयत झाले. तानुबाई हिने सदर मूल, त्याचा बाप्तिस्मा झालेला नसता, मंडळीच्या कबरस्तानात कोणास न विचारिता पुरले. तिला बोलावून क्षमा मागण्यास सांगितले असता ती म्हणाली, मूल कोणाचे होते हे देवास विचारा. यावरून कमिटीने ठराविले की तानुबाई हिस मंडळीतून बंद करावे."

खाली सही: सत्याप्पा.

अक्षर ओळखीचं आहे. याच अक्षरात त्यांनी मला पाटीवर माझं नाव गिरवून दिलं होतं.

४ सप्टेंबर

काही लिहिलं नाही. सकाळभर भांडी घासली, घासलेलीच पुन्हा.

८ सप्टेंबर, रविवार

उपासनेनंतर अण्णाला वही दाखवली. त्यानं चष्मा काढला, वाचली नाही.

"ते पान सोड. बाकीचं सगळं लिही."

"अण्णा, जिनं मंडळी उभी केली तिला आपल्या आजोबांनी बाहेर काढलं. ते पान सोडलं तर राहिलं काय?"

"राहिलं की शंभर वर्षांचं. शाळा काढली, विहीर खणली, दुष्काळात धान्य वाटलं. मेलेल्या माणसाला कशाला उभं करतीस? त्याला उत्तर द्यायला यायचं न्हाय."

"तानुबाईला तरी कुठं देता आलं?"

तो उठून गेला. आम्ही दोघं भांडत नाही. लहानपणीही फारसे भांडलो नाही. आज मात्र त्याचा राग आला. अध्यक्षाची खुर्ची आणि मास्तरांचा नातू ही पदवी, याच्यापलीकडं त्याला काही दिसत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

तानुबाईचं पुढं काय झालं हे वहीत नाही. वहिनीला सहज म्हणाले, "तिच्या मुलाचं नाव शामू. त्याचं कुणी असेल का गावात?"

वहिनी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या म्हशीला बघायला येतात त्या डॉक्टरीण, उपासना. त्यांची आजी नागुबाई. शामूची लेक."

केवढं नशीब. एवढ्या मोठ्या गावात पहिल्याच माणसाला विचारलं आणि पत्ता लागला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आज गेले. घर गावाच्या कडेला, पुढं उसाचा फड. भिंतीवर बुद्धाची मूर्ती, निळा झेंडा, पुस्तकांचं कपाट. उपासना सरकारी पशुदवाखान्यातून नुकतीच आली होती, तिशीची असेल. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. तिनं हात पुसत पुसत ऐकलं.

"म्हणजे आमच्या खापरपणजीला तुम्ही लोकांनी हाकललं, आणि आता पुस्तकाला माहिती कमी पडतीय म्हणून आलात."

मी म्हणाले, "हो. तसंच आहे."

तिनं खुर्ची पुढं ओढली. म्हणाली, "बसा. आज्जी आत आहे."

नागुबाई एक्याऐंशीच्या. कंबरेत वाकल्यात, पण आवाज खणखणीत. त्यांनी तानुबाईला पाहिलेलं नाही. जन्मच तिच्यानंतर दोन वर्षांनी. पण बापानं, म्हणजे शामूनं सांगितलेलं सगळं त्यांना ठाऊक. बंद केल्यावरही तानुबाई दर रविवारी देवळाच्या भिंतीबाहेर बसून गाणी ऐकायची. आठ वर्षं. पटकीत पोरगं पुरलं त्या जागेवर जाऊन यायची. मरताना म्हणाली, मला त्या लेकराशेजारी ठेवा. मंडळीनं ठेवू दिलं नाही. मग शामूनं तिला इथंच, स्वतःच्या शेताच्या बांधावर करंजाखाली पुरलं.

"माझा बा पुन्ना देवळाकडं गेला न्हाय," नागुबाई म्हणाल्या. "छप्पन साली आमी समद्यांनी दीक्षा घेतली. तवापास्नं कुणाच्या दारात उभं ऱ्हायची पाळी आली न्हाय बघा."

मला बांधावर नेलं. साधा काळा दगड आहे, भोवती सारवलेलं. म्हणाल्या, "मी न्हान हुते तवापास्नं एक म्हातारा वर्साकाठी यायचा. डोईचं काढून हातात धरायचा, हुबा ऱ्हायचा, जायचा. कुणाशी बोलायचा न्हाय. पुढं पुढं चालवंना तवा एक तरणा गडी सायकलीवर घिऊन यायचा, त्यो रस्त्यावरच थांबायचा. माझ्या बानं एकदा तांब्याभर पाणी नेऊन दिलं, तर म्हातारा रडाय लागला."

"कोण होता?"

"काय की. बानं सांगितलं न्हाय."

वखारीतला कुणी जुना सोबती असणार, तानुबाईनं अक्षरं शिकवलेला. अशी माणसं इतिहासात येत नाहीत. मी मात्र त्याला दोन ओळी देणार आहे.

निघताना नागुबाईंनी माझ्या हातावर गूळ ठेवला. ज्या घरानं मला दारातूनच परत पाठवायला हवं होतं तिथून मी तोंड गोड करून आले. याची परतफेड कशी करायची मला कळत नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

कमिटीपुढं मसुदा वाचला. सहा पंच, पाळक आणि मी.

आण्णाप्पा, साखर कारखान्यातले निवृत्त क्लार्क, पहिल्यांदा बोलले. माणूस वाईट नाही. कोविडमध्ये तीन जणांच्या अंत्यविधीला एकटा खांदा द्यायला उभा होता. म्हणाले, "सलोमीआक्का, तुम्ही खोटं लिहिलंय असं मी म्हणत न्हाय. पण मंडळी केवढी, एकोणतीस घरं. शंभर वर्षांनी आपण आपल्याच तोंडाला काळं फासून घ्यायचं? बाहेरचे लोक काय म्हणतील?"

पाळक म्हणाले, "बाहेरचे काय म्हणतील याचीच भीती त्या ठरावात पण होती."

आण्णाप्पांनी सुचवलं, घाई नको, पुढच्या मिटिंगला बघू. मी अण्णाकडं बघितलं. त्यानं मान हलवली. बाकीच्यांनीही हलवली.

पुस्तक छापायला द्यायची तारीख एकतीस ऑक्टोबर. पुढची मिटिंग नोव्हेंबरात. म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. घरी येऊन मसुदा ट्रंकेत टाकला.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज दुपारी अण्णा आला. चार दिवसांत बोललो नव्हतो. ओट्यावर बसला, पाणी मागितलं, प्यायला नाही.

"सलू, त्या दिवशी मिटिंगहून घरी आलो आणि जेवण जाईना. अजून जात न्हाय."

मी बीपीचं मशीन आणायला उठले. म्हणाला, "बस. बीपी न्हाय ते."

मग त्यानं सांगितलं.

तानुबाई गेली त्या सकाळी शामू आजोबांच्या दारात आला होता. म्हणाला, मास्तर, तिला त्या पोराशेजारी जागा द्या. आजोबा नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, मला एकट्याला ठरवता येत नाही, कमिटीची मिटिंग बोलवतो, मग बघू. पाटी घेऊन शाळेत गेले. मिटिंग काही बोलावली नाही. जुलैचे दिवस, मढं किती वेळ ठेवणार? दिवस मावळायला शामूनं आईला बांधावर पुरलं.

"दुसऱ्या दिवशी आजोबांनी मिटिंग बोलावली," अण्णा म्हणाला. "तवा काय उपेग? त्या रविवारपास्नं त्यांनी प्रभुभोजन घेतलं न्हाय. कुणी त्यांना बंद केलं नव्हतं. त्यांनी स्वतःला बंद करून घेतलं. तीस वर्षं."

मला घंटेपाशी उभे असलेले आजोबा दिसले. अल्सर म्हणे. मी नर्स.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. मी एकवीसचा. डेपोत नुकता लागलतो. शेवटची दोन वर्षं मीच त्यांना सायकलवर न्यायचो त्या बांधाकडं. मला रस्त्यावर थांबवायचे. शेवटच्या खेपेला येताना सगळं सांगितलं, आणि म्हणाले, तुझ्या बापाला सांगू नको, कुणालाच सांगू नको. मंडळीला तडा जाईल. मी एक मंगलला तेवढं सांगितलं, लगीन झाल्यावर. तुला सांगायचं म्हणून किती डाव आलतो मी. दारातनं परत गेलो."

तो म्हातारा. तो सायकलवाला. मी नागुबाईंच्या तोंडून ऐकून वहीत उतरवलं, आणि माझ्याच घरातली दोन माणसं मला ओळखू आली नाहीत. अण्णाला खुर्चीचा मोह आहे असं मी याच वहीत लिहिलंय. ते खोडत नाही. राहू दे.

"आण्णाप्पा म्हणाला, पुढच्या मिटिंगला बघू, आणि मीबी मान हलवली," अण्णा म्हणाला. "तीच मान हाय ही, सलू. आजोबांचीच."

तो रडला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या भावाच्या पाठीवरून हात फिरवायची वेळ आली. मग मी पिठलं केलं, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच चुलीपाशी बसले. तो दीड भाकरी जेवला. मी त्याच्या शेजारी बसून वाट बघत होते, औषध लागू पडतंय का बघावं तसं.

२० ऑक्टोबर, रविवार

अण्णानं अध्यक्ष म्हणून तातडीची मिटिंग बोलावली, आज, उपासनेनंतर लगेच. उभं राहून सगळं सांगितलं. बांध, सायकल, तीस वर्षं. कागद नव्हता हातात. मग म्हणाला, "१९३३ चा ठराव मागं घ्यावा असं मी सुचवतो. आणि पुस्तकात सलूनं लिहिलंय तसंच जावं. आजोबांचं नाव माझं हाय, मी ते सोसतो."

पाळकांनी अनुमोदन कोण देतं विचारलं. एक हात वर आला, मग चार. आण्णाप्पांनी हात वर केला नाही आणि विरोधही लिहू नका म्हणाले. "मला अजून पटलेलं न्हाय," म्हणाले, "पण शांतवनला खोटं म्हणायची माझी छाती न्हाय."

दुसरा ठराव असा की तानुबाईला आमच्या कबरस्तानात, त्या मुलाशेजारी सन्मानानं जागा द्यावी. कोपऱ्यातला बिननावाचा छोटा दगड त्या मुलाचा. तो आजोबांनीच बसवला होता म्हणे.

२७ ऑक्टोबर, रविवार

अण्णा, पाळक आणि मी नागुबाईंकडं गेलो. अण्णा दारातच थांबला. म्हणाला, "आक्का, सायकलवाला तो मी. तो म्हातारा माझा आजा. सत्याप्पा मास्तर. त्यांनीच तुमच्या आजीला बंद केलं होतं."

नागुबाईंनी त्याच्याकडं निरखून बघितलं. "रस्त्यावर का थांबायचास रं? कवा आत आला असतास तर च्या दिला असता."

अण्णानं हात जोडले. पाळकांनी ठराव वाचून दाखवला आणि जागेचं सांगितलं. नागुबाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आता तिला कशाला हलवताय? शंभर पावसाळं काढल्यागत ती हितं बसलीया. करंजाची सावली हाय, आमी सारवतो, पोरीबाळी जात्यात येत्यात. तुमास्नी तिची याद आली हे ब्येस झालं. तर मग तुमीच या की हिकडं."

आम्ही तिला आत घ्यायला निघालो होतो. आम्हालाच बोलावणं आलं.

उपासनानं मसुदा वाचायला मागितला आणि तिथंच बसून वाचला. एका ओळीवर नख ठेवून म्हणाली, "हे काढा. 'तानुबाईचे वंशज मंडळीपासून दुरावले.' आम्ही दुरावलो नाही. आम्हाला आमचा धम्म मिळाला आणि आम्ही त्यात सुखी आहोत. कुणाची वाट चुकलेली नाही." मी तिच्यादेखत ओळ खोडली. तिनं माझ्याकडून पेन घेऊन तिथं स्वतः लिहिलं, "शामू यांनी १९५६ साली कुटुंबासह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली." अक्षर सुंदर आहे पोरीचं.

निघताना तिनं विचारलं, "किती जण याल?" पाळक म्हणाले, "सत्तर-ऐंशी." ती हसली. पहिल्यांदा हसताना बघितलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

छापखान्यातून प्रुफं आली. दोन ठिकाणी 'मंडळी' चं 'मंडई' झालंय. वाचून अण्णाला सांगितलं तर म्हणाला, रविवारी तसंच असतं की. बऱ्याच दिवसांनी विनोद केला त्यानं.

प्रुफातच आजोबांबद्दल चार ओळी वाढवल्या. त्यांनी काय केलं ते आणि त्यानंतर काय भोगलं तेही. कमी नाही, जास्त नाही. लिहून झाल्यावर मला त्यांची पूर्वीपेक्षा जास्त माया वाटली. हे असं का, समजत नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

घरी येऊन अंघोळ केली, आता दिवस मावळायच्या आत लिहून काढते.

सकाळी देवळात प्रार्थना, गाणी, पुस्तकाचं प्रकाशन. दारातल्या पाटीखाली नवीन पाटी लावली: "या मंडळीची पहिली उपासना तानुबाईच्या अंगणात झाली." जुनी काढली नाही. साहेबांनीही कष्ट केलेच की.

मग सगळे चालत निघालो. म्हाताऱ्यांसाठी दोन रिक्षा केल्या होत्या, पण निम्मे म्हातारे त्यात बसले नाहीत. दोन कुटुंबं आली नाहीत. आण्णाप्पा येणार नाहीत असं मी धरून चालले होते. वळणावर मागं बघितलं तर छत्री टेकत येत होते, सगळ्यांच्या शेवटी.

बांधावर सतरंज्या अंथरल्या होत्या. उपासना आणि तिच्या घरच्यांनी आधी बुद्धवंदना म्हटली, आम्ही उभे राहिलो. मग आम्ही गाणी म्हटली, ते उभे राहिले. पाळकांनी १९३३ चा ठराव वाचला, मग तो मागे घेतल्याचा ठराव वाचला, आणि दोन्हींच्या मधे थोडं थांबले. अण्णा दगडापाशी गेला, डोक्यावरची टोपी काढली, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तानुबाई, आमचं चुकलं." बास, एवढंच. परत येऊन माझ्या शेजारी बसला. त्याचा हात थंड होता. मी तो सोडला नाही.

त्यानंतर प्रभुभोजन व्हायचं होतं. पाळकांनी टेबलावर पांढरं कापड घातलं, द्राक्षरस ओतला, भाकरीचा स्टीलचा डबा पुढं घेतला. तेवढ्यात घरातून नागुबाई आल्या, वाकून, दोन्ही हातांत मोठी बुट्टी. वर धुतलेलं फडकं. पहाटेपासून घरातल्या बायकांनी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या होत्या, आमच्या जेवणासाठी. त्यांना काही टेबल कशाचं ते माहीत नव्हतं. रिकामी जागा दिसली तिथं त्यांनी बुट्टी ठेवली, पांढऱ्या कापडावर, आणि कंबर धरून उभ्या राहिल्या. फडक्याखालून वाफ येत होती.

पाळकांनी बुट्टीकडं बघितलं. स्टीलच्या डब्याचं झाकण त्यांनी अर्धं उघडलं होतं, ते परत लावलं. तसं करायची उपासनेच्या पुस्तकात सोय आहे की नाही मला माहीत नाही. आण्णाप्पांना माहीत असणार. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पाळक म्हणाले, "आज्जी, आम्ही इथं प्रार्थना करून भाकर मोडतो. तुमच्या यातली एक घेतली तर चालेल?"

नागुबाईंनी फडकं पूर्ण बाजूला केलं.

"एक कशाला?" म्हणाल्या. "समद्यांस्नी पुरतील एवढ्या केल्यात."